सोलापूर, बाळे, होटगी आणि पुढं मुंबईच्या लोकल: शूटिंग करताना हटकलं तर काय करायचं?

बाळे_आउटर

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरातले चार-पाच जण गाड्यांचे व्हिडिओ काढतो. हिवाळ्यात मुंबईला जाऊन लोकल शूट करायचा बेत आहे. सीमेन्सचे रेक (म्हणजे डब्यांचा सबंध संच), मेधाचे रेक, एसी लोकल, जे मिळेल ते. त्याआधी सोलापूर स्टेशन आणि जवळची बाळे, होटगी ही स्टेशनं, इथं हात बसवून घ्यायचा आहे.

अडचण काय ती सगळ्यांना माहीत आहे. कॅमेरा वर गेला की कुणीतरी येतंच, "काय करालाय? कशाला पाहिजे?" म्हणून नेमकं विचारतो. प्लॅटफॉर्म तिकीट पुरतं, की वेगळी परवानगी लागते? लागत असेल तर अर्ज डीआरएम (मंडळ रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसला द्यायचा की मुंबईला? ट्रायपॉड न्यावा का? मोबाइल मागितला किंवा "डिलीट कर" म्हटलं तर कुठपर्यंत ऐकायचं? आमच्यातल्या एकाचं चॅनल मोनेटाइज झालंय, त्यानं फरक पडतो का? आणि एकाकडे २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन आहे, तो होटगीला उडवला तर?

"घरी बसा" हे उत्तर सोडून काहीही चालेल.

लूपलाइन_तीन

आधी तिकिटाचं, कारण निम्मी प्रकरणं तिथंच बिघडतात. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांचं आणि दोन तासांचं. मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनच्या बाहेर, रुळांपासून लांब असतानाच काढा. आत गेल्यावर जीपीएस अडवतं आणि तुम्ही तिकीट न काढता आत आलात असंच दिसतं. ॲपमधलं मूळ तिकीट दाखवावं लागतं, त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणजे बॅटरी संपली की तिकीटही संपलं. दिवसभर शूट करणारा मोबाइल आणि तिकिटाचा मोबाइल एकच असेल तर खिडकीवरून कागदी तिकीट घ्या. तिकीट नसताना सापडलात तर वरचा आकार किमान २५० रुपये आणि भाडं वेगळं. पैशापेक्षा वाईट हे की त्यानंतर तुमचं कुठलंच म्हणणं कुणी ऐकत नाही. दोन तास उलटणार असतील तर पाच-दहा मिनिटं आधी बाहेर पडून नवीन काढा.

आता कायदा. १९८९ च्या रेल्वे कायद्यात "फोटो काढणे" असा वेगळा गुन्हा नाही. तुम्हाला लावतात ती कलमं दुसरी असतात. कलम १४७ म्हणजे हक्काशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १४५ उपद्रवाचं. कलम १४६ कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणल्याचं, आणि हुज्जत वाढली की हेच बाहेर येतं. प्लॅटफॉर्म जिथं उतार होऊन संपतो तिथून एक पाऊल खाली गेलात की १४७ लागू. "मी फक्त कोपऱ्यावर उभा होतो" याला अर्थ नाही. उतार सुरू होण्याआधी थांबायचं.

शासकीय गुपितं कायद्याची भीतीही पुष्कळ जण घालतात. १९२३ च्या त्या कायद्यात रेल्वेमार्ग निषिद्ध ठिकाण ठरतो तो केंद्र सरकारनं अधिसूचना काढून तसं जाहीर केलं तरच. सोलापूरचा प्लॅटफॉर्म म्हणजे लष्करी तळ नव्हे. पण स्टेशन ही रेल्वेची जागा आहे आणि तिथं प्रशासनाच्या सूचना लागू होतात हेही तितकंच खरं. "कलम दाखवा" म्हणून तुम्ही वाद जिंकाल, पण प्लॅटफॉर्मवरून बाहेर तुम्हीच जाल.

बाळ्याला आणि होटगीला वेगळाच प्रकार. तिथं पोलिसाच्या डोक्यात अतिरेकी नसतो, चोर असतो. सिग्नलच्या केबलमधलं तांबं चोरीला जातं. रुळाकडेच्या करड्या लोखंडी पेट्यांजवळ पाठीवर सॅक घेऊन घुटमळणारा माणूस आधी केबलचोर वाटतो. दुसरा संशय दगडफेकीचा. वंदे भारतच्या वेळेला रुळाजवळ घोळक्यानं थांबलेली पोरं दिसली की गस्त वळतेच. चालत्या गाडीला धोका पोहोचवण्याचं कलम १५३ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. तिसरा रील्सचा. रुळावर आडवं पडून रील करणाऱ्यांनी तुमची-आमची पत घालवली आहे. त्यामुळं पाच जण एकदम जाऊ नका. दोघं पुरे. बाकीचे दुसऱ्या दिवशी.

सिग्नलवाले_काका

वर तिकिटाचं आणि केबलचोरीचं बरोबर लिहिलंय. मी आतल्या बाजूनं सांगतो, म्हणजे तुमच्या फ्रेममध्ये काय आलं की आमच्या माणसांच्या पोटात गोळा येतो ते.

पॅनेल रूम, रिले रूम (सिग्नल यंत्रणेच्या खोल्या), टेलिकॉमची खोली, यांची दारं-खिडक्या. पार्सल ऑफिस आणि तिकीट खिडकीच्या आतली बाजू. बॅगा तपासायचं मशीन, मेटल डिटेक्टरची चौकट, सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांची तोंडं, आरपीएफची (रेल्वे सुरक्षा दलाची) चौकी. गाडी नसताना यांच्यावर कॅमेरा फिरवला की तो छंद राहत नाही, ती टेहळणी दिसते. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसएमटीवर जे घडलं त्यानंतर कॅमेरा घेऊन रेंगाळणाऱ्याकडे बघायची नजर बदलली, आणि ती बदलायलाच हवी होती. गाडी फ्रेममध्ये असताना मागं चौकी आली तर कुणी काही म्हणत नाही. रिकाम्या प्लॅटफॉर्मचं सावकाश, डावीकडून उजवीकडं पॅन करणं मात्र टाळाच.

लष्कराची विशेष गाडी आली, म्हणजे सपाट डब्यांवर ताडपत्रीखाली वाहनं, मध्ये एखादा प्रवासी डबा, दारात जवान, तर कॅमेरा खिशात. अर्धवट नको, पूर्ण खिशात. इंजिन वेगळं आहे म्हणून फक्त इंजिनाचा घेतो, असलंही नको. ही गाडी तुमच्या ॲपवर दिसत नाही, आणि ती कुठं, किती वाजता होती हे कुठंच टाकायचं नाही. या एका बाबतीत पोलीस कडक वागला तर मी त्याच्याच बाजूनं बोलेन.

गाड्यांची चौकशी स्टेशन मास्तरांकडं करू नका. "पुढची मालगाडी कधी?" हा प्रश्न अनोळखी माणसानं विचारला की शंका येतेच. प्रवासी गाड्यांची वेळ एनटीईएस या रेल्वेच्या ॲपवर बघा, मालगाडी नशिबावर सोडा. वॉकीटॉकीसारखी दिसणारी वस्तू तर अजिबात आणू नका. आमचं व्हीएचएफ (वायरलेसवरचं) बोलणं ऐकायला काही जण यूएसबीचा रिसीव्हर आणि अँटेना आणतात. विनापरवाना हे बेकायदा आहे, आणि सॅकमधून बाहेर आलेली वायर बघून कुणी मस्करी करत नाही. पॉवरबँकची वायरसुद्धा आतच ठेवा.

वरच्या तारेबद्दल. २५,००० व्होल्ट. तार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर असते आणि जिवंत भागापासून दोन मीटरचं अंतर राखायचंच. स्पर्श व्हायची गरज नसते, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. पादचारी पुलाच्या जाळीतून सेल्फी स्टिक बाहेर काढणं, उभ्या मालडब्यावर किंवा टँकरवर चढून वरून शॉट घेणं, हे दोन्ही मरणाचे रस्ते आहेत. पुलावरून घ्यायचं असेल तर लेन्स जाळीला टेकवा, हात आत.

आणि लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश नाही. मोबाइलचा फ्लॅश "ऑटो"वर असतो, तो आधी बंद करून मगच आत या.

वाइड_ते_टेली

कॅमेऱ्याकडून बघितलं तर संशय कमी करायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅमेरा कमी वेळ वर ठेवणं. किती वेळ लागतो ते मोजा. २२ डब्यांची एलएचबी (हल्लीच्या एक्स्प्रेसच्या डब्यांची) गाडी इंजिनासकट सुमारे ५४० मीटर. ताशी ११० किलोमीटरनं ती १८ सेकंदांत निघून जाते. ५८ डब्यांचा कोळशाचा रेक सुमारे ६८० मीटर, ताशी ६० नं गेला तरी ४० सेकंद. बारा डब्यांची लोकल न थांबता गेली तर दहा सेकंद. पुढं-मागं दहा-दहा सेकंद धरा. एका मिनिटावर क्लिप जात नाही. मग बाकीचा अर्धा तास मोबाइल छातीसमोर धरून उभं कशाला राहायचं? बाकावर बसा, चहा घ्या, गाडीचा दिवा दिसला की उठा.

ट्रायपॉडचं उत्तर: परवानगीशिवाय नाही. तीन पायांमुळे माणसं अडखळतात, आणि ट्रायपॉड म्हणजे "शूटिंगवाले", म्हणजे धंदा, म्हणजे पत्र दाखव. एका पायाच्या मोनोपॉडलाही तीच नजर. त्याऐवजी खांबाला किंवा बाकाच्या पाठीला कोपर टेकवा, मोबाइल दोन्ही हातांत, कोपरं बरगडीला. मनगटाला दोरी अडकवलेली असू द्या. हात घसरून मोबाइल रुळावर पडला तर उतरायचं नाही, कर्मचाऱ्याला सांगायचं.

सेटिंग. आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला ३० फ्रेमवर घेतलं की प्लॅटफॉर्मच्या दिव्यांचे पट्टे फिरताना दिसतात. २५ किंवा ५० फ्रेम ठेवा, शटर १/५० किंवा १/१००. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या रेकॉर्ड व्हिडिओ सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू केल्याशिवाय २५ दिसतच नाही. अँड्रॉइडवर प्रो व्हिडिओ बघा. डब्यावरची एलईडी पाटी तुटक दिसत असेल तर शटर १/५० पेक्षा वेगवान ठेवू नका.

अंधारात हेडलाइट समोर आला की मोबाइल सगळं काळं करतो. गाडी लांब असतानाच प्लॅटफॉर्मवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप खाली आणा, म्हणजे चित्र थोडं गडद करा. स्थिर उभे असाल तर इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद. ते चालत्या गाडीलाच स्थिर समजतं आणि मागची इमारत डुलायला लागते.

हॉर्न फाटतो कारण मोबाइल शांततेत मायक्रोफोनची पातळी वाढवून बसलेला असतो. ॲपमध्ये हाताने पातळी लावता येत असेल तर साधा आवाज उणे ३० डेसिबलच्या आसपास ठेवा. व्हिडिओ कंटाळवाणा ऐकू येईल, पण हॉर्न शाबूत राहील, बाकी घरी वाढवा. माइकवरचं केसाळ विंडशील्ड लहान आणि करड्या रंगाचं घ्या. मोठा काळा माइक म्हणजे चॅनलवाला आला असं समजतात.

सोलापूरचा प्रकाश: आपली लाइन ढोबळमानानं वायव्येकडून आग्नेयेकडं जाते. सकाळी पुण्याकडून येणाऱ्या गाडीचं तोंड उजेडात असतं, संध्याकाळी होटगीकडून येणारीचं. उलटं केलंत तर काळं इंजिन आणि पांढरं आकाश. सकाळची वंदे भारत सहाच्या सुमारास सुटते. जानेवारीत तेव्हा मिट्ट काळोख, कारण इथला सूर्योदय सातच्या आसपास. मे-जूनमध्ये पावणेसहालाच उजाडतं. उजेडातली वंदे भारत हवी असेल तर उन्हाळ्यातच घ्या, थंडीत कुर्डुवाडीच्या पुढं जावं लागेल.

कोर्टाची_तारीख

हटकल्यावर काय करायचं, एवढ्यापुरतं लिहितो.

आधी समोर कोण आहे ते ओळखा. आरपीएफ केंद्राचं दल, १९५७ च्या कायद्याचं. रेल्वे कायद्यातले गुन्हे ते स्वतः हाताळतात. जीआरपी म्हणजे राज्याचे लोहमार्ग पोलीस. चोरी, मारामारी, न्याय संहितेतले गुन्हे त्यांच्याकडे. सोलापूरचं लोहमार्ग ठाणं पुण्याच्या अधीक्षकांच्या हाताखाली येतं. तक्रार करायची वेळ आली तर चुकीच्या दारात जाऊ नका.

रेकॉर्डिंग थांबवा, मोबाइल खाली. त्याच क्षणी त्यांचंच शूटिंग सुरू करणं ही सर्वांत महागात पडणारी हुशारी. एका वाक्यात सांगा: "गाड्यांचे व्हिडिओ काढायचा छंद आहे, हे तिकीट, हे ओळखपत्र." ओळखपत्र म्हणून कॉलेजचं कार्ड किंवा आधारची अशी प्रत जिच्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. क्लिप दाखवायची तयारी स्वतःहून दाखवा. गॅलरीत गाड्यांचा एक वेगळा अल्बम करून ठेवलेला असेल तर तो एकच उघडून पुढं करता येतो. दहातल्या नऊ वेळा गोष्ट इथं संपावी अशीच ही सगळी तयारी.

संपली नाही तर. "चौकीला चला" म्हटलं तर जा, पळू नका. नावाची पट्टी, पद, वेळ लक्षात ठेवा. कशासाठी नेताय हे शांतपणे विचारा. अटक असेल तर कारण सांगणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ नं बंधनकारक आहे, आणि घरच्यांना कळवणं कलम ४८ नं. मोबाइल जप्त होत असेल तर पंचनामा आणि त्याची प्रत मागा. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायला कलम १०५ सांगतं. अठराच्या आतलं कुणी सोबत असेल तर पालकाचा नंबर कागदावर लिहून द्या, कारण मोबाइल हातात नसला की पाठ नंबरही आठवत नाहीत.

डिलीटबद्दल माझं मत इथल्या काहींना पटणार नाही. गुन्हा आहे असं त्यांना वाटत असेल तर क्लिप हा पुरावा आहे, तो पुसायचा नसतो. गुन्हा नसेल तर पुसायचं कारण नाही. तर्क असा स्वच्छ आहे. पण रात्री अकराला चौकीत एकट्यानं हा तर्क मांडून काय मिळणार? एका मालगाडीच्या क्लिपसाठी रात्र घालवू नका. एकदाच सांगा, "साहेब, यात फक्त गाडी आहे, बघून घ्या." तरी पुस म्हणाले तर पुसा, आणि दुसऱ्या दिवशी वेळ-ठिकाण लिहून रेल मदतवर किंवा १३९ वर तक्रार नोंदवा.

एका गोष्टीवर मात्र अडून राहा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नाही. बऱ्याचदा "कलम १४५ मध्ये कबूल हो, शे-पाचशे दंड भर आणि घरी जा" असं सुचवलं जातं. सोपं वाटतं. पण दंडाधिकाऱ्यासमोर गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं, आणि सरकारी नोकरीच्या फॉर्मवर "यापूर्वी शिक्षा झाली आहे का?" हा रकाना असतो. तुम्ही कॉलेजची पोरं आहात म्हणून मुद्दाम सांगतो. कबुली देण्याआधी घरच्यांशी आणि वकिलाशी बोलायला वेळ मागा.

होटगी_केबिन

ड्रोन विसरा. वजन २५० ग्रॅमच्या आत म्हणजे पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, ही सूट आहे. कुठं उडवायचं याची सूट नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतलं आकाश जमिनीपासूनच पिवळ्या पट्ट्यात येतं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक. होटगी रोडचा विमानतळ आता चालू आहे. होटगी स्टेशन त्याच्या जवळ, टिकेकरवाडी स्टेशनही जवळ. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा टाकून बघायची. पण रुळांवर आणि तारांवर ड्रोन न्यायचा प्रश्न त्यानंही सुटत नाही.

होटगीत अजून एक. एनटीपीसीचा प्रकल्प जवळ आहे, १,३२० मेगावॉटचा, आणि कोळशाचे रेक तिकडं वळतात. प्रकल्पाच्या कुंपणावर सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) असते. कोळशाचा रेक होटगीच्या प्लॅटफॉर्मवरून घ्या, सायडिंगच्या (प्रकल्पाकडं वळणाऱ्या फाट्याच्या) मागं-मागं जाऊ नका. त्यांना तुमचं प्लॅटफॉर्म तिकीट दाखवून काही उपयोग नाही.

मोकळ्या रानातून घ्यायचं तर सार्वजनिक रस्ता किंवा रेल्वेवरचा उड्डाणपूल बघा, नाहीतर शेतकऱ्याला विचारून बांधावरून. रेल्वेच्या हद्दीचे दगड ओळखायला शिका. दगडाच्या अलीकडं उभं राहिलं तर १४७ चा विषयच निघत नाही, शिवाय तिथून सबंध गाडी फ्रेममध्ये बसते.

लूपलाइन_तीन

परवानगीच्या पत्राबद्दल इथं दोन तट पडतील, माझं सांगतो. मोबाइल हातात, प्लॅटफॉर्म तिकीट खिशात आणि क्लिप स्वतःपुरती, एवढंच असेल तर अर्जाच्या फंदात पडू नका. अर्ज केला की कुणाला तरी "हो" वर सही करावी लागते, आणि "नाही" म्हणणं नेहमी सोपं.

वाइड_ते_टेली

असहमत. साध्या मोबाइलपुरतं ठीक. पण मोनेटाइज झालेलं चॅनल म्हणजे उत्पन्न, आणि व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेत शुल्क आणि परवानगी दोन्ही आहेत. २०२५ च्या मे महिन्यापासून व्लॉगवाल्यांकडे जास्तच बारीक नजर आहे. त्या मित्रानं पत्राशिवाय स्टेशनात शूट करून ते चॅनलवर टाकणं धोक्याचं. "छंद आहे" म्हणायचं आणि समोरच्यानं मोबाइलवर चॅनल उघडायचं, यापेक्षा वाईट प्रसंग नाही. त्यानं एकतर पत्र घ्यावं, नाहीतर स्टेशनाबाहेरूनच घ्यावं.

बाळे_आउटर

सगळ्यांचे आभार. ड्रोन घरीच राहील. होटगीची सायडिंग आमच्या यादीत होती, ती काढली. मुंबईचं कुणी सांगेल का? आणि पत्र घ्यायचंच ठरलं तर अर्जात काय-काय लिहायचं?

डोंबिवली_फास्ट

मुंबईचं. पहिली गोष्ट, तिथं दोन रेल्वे आहेत. सीएसएमटी, कुर्ला, ठाणे, कल्याण हे मध्य रेल्वे. चर्चगेटची लाइन पश्चिम रेल्वे. दादरला दोन्ही शेजारी-शेजारी. मध्यचं पत्र पुलाच्या पलीकडं चालत नाही, आणि दादरला हे पटकन विसरायला होतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरलात की त्या तिकिटावर प्लॅटफॉर्मवर रेंगाळू नका. प्रवास संपला, तिकीट संपलं. बाहेर या, प्लॅटफॉर्म तिकीट काढा. ते घेऊन लोकलमध्ये मात्र चढायचं नाही. स्टेशन बदलायचं तर प्रवासाचं तिकीट वेगळं.

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ कॅमेरा काढूच नका. फ्रेममध्ये गाडी नाही, पाठी येतात. अकरा ते चार बरा वेळ. रविवारी मेगा ब्लॉक आधी बघा. फास्ट गाड्या स्लो लाइनवर आणलेल्या असतात आणि तुम्ही भलत्याच प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे असता.

पादचारी पुलावर थांबणं बंद. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तेव्हापासून पुलावर रेंगाळणाऱ्याला पुढं हाकलतात. यात संशयाचा प्रश्न नाही, ते बरोबरच आहे.

मुंबईत तुम्हाला हटकतील ते बहुधा महिला डब्यामुळे. लोकल थांबताना कॅमेरा डब्यांवरून सरकतो आणि महिलांचा डबा बरोबर तुमच्यासमोर येतो. एखादी बाई ओरडली की मग रेकचा नंबर टिपत होतो हे कुणाला सांगणार? म्हणून प्लॅटफॉर्मच्या मधोमध नको. गाडी येते त्या टोकाला, उताराच्या आत, लांबून तिरका शॉट. पहिला डबा जवळ आला की गाडीच्या पाठोपाठ कॅमेरा फिरवू नका, आहे तिथंच स्थिर ठेवा, चेहरे येत नाहीत. निघणारी गाडी मागून घेणं सर्वांत सुरक्षित. महिलांचे डबे कुठं थांबतात त्याच्या खुणा प्लॅटफॉर्मवर रंगवलेल्या असतात, त्या बघून जागा निवडा. कुणी आक्षेप घेतला तर आधी क्लिप दाखवा आणि ती बाई म्हणेल तर पुसा. इथं कोर्टाच्या तारखेवाल्यांचा तर्क लावू नका.

लोकलच्या दारात उभं राहून खांबाच्या बाजूला हात काढणं, हे सांगायची गरज नसावी. पारसिकच्या बोगद्याच्या तोंडापाशी जाणं म्हणजे सरळ १४७. मुंब्र्याच्या प्लॅटफॉर्मवरून जे मिळेल ते घ्या.

मेट्रोचा कायदा वेगळा, २००२ चा. पुणे असो की मुंबई, तपासणीच्या जागेत कॅमेरा नाही, आणि काही मोठं काढायचं असेल तर आधी स्टेशन कंट्रोलरला विचारा.

कोर्टाची_तारीख

डोंबिवलीकर बरोबर बोलतायत. महिलांच्या तक्रारीचं कलम वेगळं आणि जड असतं, तिथं हुज्जत नको.

लूपलाइन_तीन

अर्ज. पत्र नको म्हणणारा मीच, पण द्यायचाच तर नीट द्या. सोलापूर मंडळापुरतं असेल तर डीआरएम ऑफिसात जनसंपर्क आणि वाणिज्य विभागाच्या नावे. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या स्टेशनांसाठी सीएसएमटीला मुख्य जनसंपर्क अधिकारी. पश्चिमसाठी चर्चगेट. तारखेच्या तीन-चार आठवडे आधी.

"सर्व स्टेशनांवर शूटिंगची परवानगी मिळावी" असं लिहिलंत तर तो अर्ज टेबलावरच राहतो. असं लिहा: अमुक तारखेला, सकाळी ७ ते ९, सोलापूर स्टेशन, प्लॅटफॉर्म क्रमांक अमुक, पुण्याकडचं टोक. माणसं दोन, नावं आणि ओळखपत्राची प्रत जोडली आहे. साहित्य: एक मोबाइल किंवा कॅमेरा, मॉडेल आणि सिरियल नंबर, ट्रायपॉड एक. दिवे नाहीत, ड्रोन नाही, कलाकार नाहीत. रुळावर उतरणार नाही, प्रवाशांची वाट अडवणार नाही, सुरक्षा यंत्रणा आणि लष्करी वाहतूक चित्रित करणार नाही. व्हिडिओ कुठं टाकणार ते स्पष्ट, आणि चॅनलला उत्पन्न असेल तर तेही. लपवून मिळालेलं पत्र नंतर उपयोगी पडत नाही.

एक प्रत आरपीएफ चौकीच्या निरीक्षकांना, एक स्टेशन व्यवस्थापकांना. प्रत्येक ठिकाणी तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. त्या दिवशी पोहोचल्यावर आधी चौकीत जाऊन मूळ पत्र दाखवा, मग कॅमेरा काढा. पाळी बदलली की नवीन माणसाला पुन्हा दाखवावं लागेल, म्हणून झेरॉक्स जवळ ठेवा.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर मध्य रेल्वे निवडून. "मला परवानगी का नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "स्टेशनांवर हौशी छायाचित्रण व चित्रीकरणाबाबत सध्या लागू असलेल्या परिपत्रकांच्या प्रती" मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जे परिपत्रक हातात येईल ते सॅकमध्ये ठेवा आणि इथंही चढवा, नंबर आणि तारखेसकट.